रस्त्यात सापडलेली कोंबडी: ओळख, पहिली रात्र आणि पुढचा सांभाळ

महामार्गावरून रात्री जाणाऱ्या कोंबड्यांच्या गाडीतला एखादा पिंजरा नीट लागलेला नसला की त्यातली कोंबडी रस्त्यावर पडते आणि उजाडताना दुभाजकाच्या कडेला अंग चोरून बसलेली दिसते. चिकनच्या दुकानातून निसटलेली कोंबडी जवळच्या इमारतीत मोटारीखाली सापडते. गावाकडे संध्याकाळी कोंबड्या डालायच्या वेळी चुकलेली एखादी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, भलत्याच परसात झाडावर जाऊन बसते. काही ठिकाणी उतारा म्हणून तिठ्यावर सोडलेले पिल्लू तिथेच कुडकुडत राहते आणि लोक भीतीपोटी त्याला वळसा घालून जातात. त्या पिल्लाला उचलून घरी आणण्यात कोणतेही संकट नाही, हे मी तशी पिल्ले वाढवल्यावर खात्रीने सांगतो.

अशी कोंबडी दारात आली की आपला हात आधी तांदळाच्या डब्याकडे जातो. मात्र खायला काय घालायचे, हा प्रश्न त्याआधीच्या एका प्रश्नावर अवलंबून असतो: ही कोंबडी नेमकी कोणती आहे? गावरान, अंड्यांची आणि मांसाची या तिन्ही कोंबड्या दिसायला एकाच जातकुळीच्या असल्या तरी त्यांची शरीरे इतकी वेगळी घडलेली आहेत की एकीला जगवणारे खाणे दुसरीला काही महिन्यांत मारू शकते. मी पहिल्यांदा पुणे-नाशिक रस्त्यावरून उचलून आणलेल्या पांढऱ्या कोंबडीला प्रेमाने दिवसभर भात आणि पोळीचे तुकडे घातले. तिसऱ्या महिन्यात तिला उभे राहता येईना, आणि एका दुपारी ती बसल्या जागी गेली. ती कोणती कोंबडी आहे हे मी ओळखले असते, तर ती नक्कीच अधिक जगली असती.

कोंबडी कशी ओळखावी

मांसासाठी वाढवलेली कोंबडी, जिला आपल्याकडे सर्रास ‘बॉयलर’ म्हणतात, ती पांढरी, रुंद छातीची आणि जाड पायांची असते. साधारण ३५ ते ४२ दिवसांत तिचे वजन २ किलोच्या आसपास पोचते आणि त्याच वयात ती गाडीत चढते. तिची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे आवाज. आकार पूर्ण वाढलेल्या कोंबडीचा असला तरी वय सहा आठवड्यांचेच असल्यामुळे ती अजून पिल्लासारखी चिवचिवते. एवढ्या मोठ्या देहातून तो कोवळा आवाज ऐकला की आपल्यासमोर खरोखर एक पिल्लू बसले आहे, हे लक्षात येते. तिच्या पोटाखाली पिसे विरळ असतात, आणि ओल्या भुशावर सतत बसल्यामुळे पायांच्या सांध्यांवर तपकिरी, करपल्यासारखे डाग दिसतात.

अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेली कोंबडी अंगाने हडकुळी असते. सुमारे दीड वर्षाची झाली आणि अंडी कमी झाली की ती मांसासाठी विकली जाते. तिच्या चोचीचे टोक लहानपणीच छाटलेले असते, मानेची आणि पाठीची पिसे पिंजऱ्याला घासून झडलेली असतात, नखे वाढलेली असतात, आणि तुरा मोठा पण फिकट होऊन एका बाजूला पडलेला असतो. मोकळ्या जमिनीवर पहिल्यांदा पाय ठेवताना ती अडखळते, कारण तिने आयुष्यभर तारेवरच पाय टेकलेले असतात.

गावरान कोंबडी रंगीत, सडपातळ आणि चपळ असते. ती सहजासहजी हाती लागत नाही आणि अंधार पडताना उंच जागा शोधते. ती दिसली की पहिली शंका अशी घ्यावी की ती कुणाची तरी आहे.

मालकाचा शोध

गावात कोंबडी ही घरातल्या बाईची स्वतःची मिळकत असते. अंडी विकून येणाऱ्या पैशांवर तिचे कितीतरी किरकोळ खर्च भागतात. त्यामुळे गावरान कोंबडी सापडली तर निदान तीन-चार दिवस आसपासच्या घरांत ‘कोंबडी चुकलीय का हो कुणाची?’ असे विचारत फिरावे. ओळखीसाठी पायात रंगीत दोरा किंवा कापडाची चिंधी बांधलेली असते, कधी पंखाला रंग लावलेला असतो, तेही नीट पाहावे. ही खूण विचारणाऱ्याने आपणहून सांगावी यासाठी आपण ती आधी बोलून दाखवू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते, म्हणून मालक मिळेपर्यंत कोंबडीची काळजी घेणे हे नुसते भूतदयेचे काम राहत नाही. गाडीतून पडलेल्या कोंबडीचा मालक शोधणे मात्र बहुधा अशक्य असते.

पकडणे आणि उचलणे

घाबरलेल्या कोंबडीमागे भर उन्हात धावू नये. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकत उष्णता बाहेर टाकते, आणि ४१ अंशांच्या आसपास असलेले तिचे शरीराचे तापमान पाठलागात झपाट्याने वाढते. दुखापत नसेल आणि जवळपास रहदारी किंवा कुत्री नसतील, तर दिवेलागणीपर्यंत थांबावे. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे ती एका जागी बसली की शांतपणे जवळ जाऊन दोन्ही पंख अंगाशी धरून तिला अलगद उचलता येते. थांबणे शक्य नसेल तर दोघांनी मिळून चादर किंवा पुठ्ठ्याचा आडोसा करत तिला कोपऱ्याकडे न्यावे आणि वरून टॉवेल किंवा डालगे टाकावे.

उचलल्यावर एक हात पोटाखाली ठेवून पाय बोटांमध्ये हलके धरावेत आणि दुसऱ्या हाताने पंख सावरावेत. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच तिला श्वास घेता येतो. म्हणून छाती घट्ट आवळू नये. पाय धरून उलटे लटकवण्याची बाजारातली सवय घरात मुळीच आणू नये. त्यात पंखांचे आणि पायांचे सांधे निखळतात, गळ्याजवळच्या पिशवीतले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि जड बॉयलर तर त्या अवस्थेत गुदमरते. प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० खाली गुन्हाही आहे.

पहिली रात्र

पहिल्या रात्री तिला चार गोष्टी लागतात: ऊब, अंधार, शांतता आणि पाणी. पुठ्ठ्याचा मोठा खोका घेऊन त्याला वरच्या बाजूने भोके पाडावीत आणि तळाशी गोणपाट किंवा जुना टॉवेल अंथरावा. नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नये, कारण गुळगुळीत कागदावर अशक्त कोंबडीचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि मग ती उठू शकत नाही. खोका घरातल्या निवांत कोपऱ्यात ठेवावा, परंतु स्वयंपाकघरात नव्हे. एक तर तिच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू अन्नात जाऊ शकतात, आणि दुसरे म्हणजे नॉन-स्टिक तवा गॅसवर विसरून जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. थंडीच्या दिवसांत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा तिला दूर सरकता येईल. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात ऊब देण्याचा प्रश्नच नसतो. तिथे ओले गोणपाट खोक्याभोवती टांगावे लागते.

पाण्यात थोडा गूळ विरघळवावा. कुक्कुटपालक नव्या पिल्लांची खेप आली की प्रवासाच्या शिणवट्यासाठी पहिले पाणी गुळाचेच देतात, आणि तो उपाय इथेही तितकाच उपयोगी आहे. गुळाचे पाणी काही तासांत आंबते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते ओतून साधे ताजे पाणी ठेवावे. पाण्याचे भांडे जड आणि उथळ असावे. कोंबडी पीत नसेल तर तिच्या चोचीचे फक्त टोक पाण्यात बुडवावे. चमच्याने किंवा सिरिंजने घशात पाणी कधीच ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच उघडते आणि ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. मदत करण्याच्या घाईत सर्वांत जास्त कोंबड्या याच चुकीने दगावतात, असे माझे मत आहे.

पाणी पिऊन ती थोडी सावरली की मूठभर मऊ खाणे द्यावे: पाण्यात भिजवलेले कोंबडीखाद्य, ते नसेल तर मऊ भात किंवा कुस्करलेले उकडलेले अंडे. उपाशी कोंबडीपुढे एकदम भरपूर धान्य ठेवू नये. त्या रात्री तिला मांडीवर घेणे, मुलांना दाखवणे, फोटो काढणे हेही टाळावे. कोंबडीच्या दृष्टीने आपण तिला पकडणारे मोठे जनावर असतो आणि आपल्या हाताचा स्पर्श तिला काही काळ तरी धीर देत नाही.

दुसऱ्या सकाळची तपासणी

सकाळी दाणे घालण्याआधी गळ्याच्या उजव्या बाजूला असलेली अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. रात्रीचे अन्न पुढे सरकले असेल तर ती रिकामी आणि सपाट लागते. ती घट्ट गोळ्यासारखी किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास येत असला, तर अन्न अडकले आहे असे समजून पशुवैद्याकडे न्यावे. नंतर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ती धडधाकट आहे. हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर ती बरेच दिवस उपाशी किंवा आजारी आहे.

डोळे स्वच्छ आहेत का, नाकातून पाणी येते का, श्वासाला घरघर आहे का, हे पाहावे. तुरा लालबुंद असावा. तो फिकट असेल तर जंत, गोचीड किंवा कुपोषण यांपैकी काहीतरी असते, आणि जांभळा असेल तर श्वासाची किंवा हृदयाची तक्रार असू शकते. पंखांखाली आणि शेपटीखाली पिसे बाजूला करून उवा व त्यांच्या अंड्यांचे पुंजके शोधावेत. पायांवरचे खवले उचललेले आणि खरखरीत दिसले तर त्यांच्याखाली सूक्ष्म किडे शिरलेले असतात. कोमट पाण्याने पाय धुऊन, मऊ ब्रशने हलके घासून, काही आठवडे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावत राहिल्यास ते गुदमरून मरतात. उवांसाठी कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे मातीत लोळणे. एका घमेल्यात कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख मिसळून ठेवली, की बरी होत चाललेली कोंबडी त्यात स्वतःहून बसते. उवा फार असतील तर पशुवैद्याने दिलेली पावडर वापरावी आणि अंड्यांतून निघालेल्या नव्या उवांसाठी ७ ते १० दिवसांनी ती पुन्हा लावावी. कुत्र्यांसाठी घरात असलेले गोचिडाचे औषध अंदाजाने कोंबडीला लावू नये.

जखम असेल तर ती मिठाच्या सौम्य कोमट पाण्याने धुवावी आणि पाणी घालून फिके केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. माशा बसू देऊ नयेत. पावसाळ्यात एका दिवसात जखमेत अळ्या होतात. कुत्र्याने किंवा मांजराने चावा घेतलेला असेल तर वरून जखम लहान दिसली तरी आत जंतूंचा संसर्ग खोल जातो, म्हणून अशा कोंबडीला त्याच दिवशी प्रतिजैविकाची गरज असते. राज्यातल्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडीही पाहतात. ‘कोंबडीसाठी कशाला डॉक्टर’ असे कुणी म्हणाले तरी संकोचू नये.

वेगळे ठेवण्याचा काळ आणि आजारांच्या खुणा

घरात आधीच कोंबड्या असतील तर नव्या कोंबडीला किमान ३ आठवडे पूर्णपणे वेगळे ठेवावे. वेगळे म्हणजे दुसरे भांडे, दुसरा झाडू आणि शक्य तर दुसरी चप्पलही. आधी आपल्या कोंबड्यांचे काम उरकावे, मग नवीचे करावे, आणि हात साबणाने धुवावेत. ही शिस्त जाचक वाटते, पण एका सापडलेल्या कोंबडीमुळे परसातल्या साऱ्या कोंबड्या आठवड्यात गेल्याचे मी शेजारी पाहिले आहे.

तो आजार बहुधा राणीखेत असतो. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून भारतात त्याला हे नाव पडले. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, कारण त्यात मान पिळवटून उलटी होते. हिरवट पातळ विष्ठा, घरघर, लुळे पडलेले पंख ही त्याची इतर लक्षणे आहेत. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. मोठ्या कोंबड्यांना द्यायची आर-टू-बी ही लस आठ आठवड्यांच्या वयानंतर टोचतात. लशीची कुपी मात्र शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की थोड्या वेळात संपवावी लागते. त्यामुळे एका कोंबडीसाठी वेगळी कुपी फोडण्यापेक्षा गावात लसीकरण कधी आहे ते दवाखान्यात विचारून त्या दिवशी कोंबडी नेणे सोयीचे ठरते. आजारी किंवा अशक्त कोंबडीला लस देऊ नये.

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती चामखिळीसारख्या काळपट खपल्या दिसल्या तर तो देवी हा रोग असतो; बहुतेक धडधाकट कोंबड्या त्यातून बऱ्या होतात, मात्र डास आवरावे लागतात. विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण असते. तिचे जंतू ओल्या भुशात वाढतात, म्हणून औषधाइतकेच भुसा कोरडा ठेवणे महत्त्वाचे असते.

बर्ड फ्लूविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात या रोगाचा देशातला पहिला उद्रेक झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावातही तो आढळला. डोके सुजलेली, तुरा निळा-जांभळा पडलेली, नाकातोंडातून स्राव येणारी कोंबडी दिसली, किंवा आसपास कावळे आणि कोंबड्या अचानक मरत असल्या, तर तिथे करुणा बाजूला ठेवून हात लावू नये आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे. आपल्या भागात उद्रेक जाहीर झालेला असताना कुठलीही अनोळखी कोंबडी घरी आणणे आपल्या माणसांच्या आणि गावच्या कोंबड्यांच्याही जिवावर बेतू शकते.

खाणे: इथेच सगळ्या चुका होतात

बॉयलरची भूक तिच्या शरीराच्या हिताची नसते. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यात भुकेची जाणीव अशी वाढवली आहे की समोर अन्न आहे तोवर ती खात राहते. सहा आठवड्यांची बॉयलर मनाला येईल तेवढे खाल्ल्यास दिवसाला १५० ग्रॅमहून अधिक खाद्य संपवते, आणि मांस इतक्या वेगाने चढते की हाडे, सांधे व हृदय मागे पडतात. मग पाय वाकतात, पोटात पाणी साठते, किंवा उष्ण दुपारी हृदय थांबते. म्हणून तिला मोजून खायला द्यावे लागते. सुरुवात दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास करावी, ते सकाळी आणि संध्याकाळी निम्मे-निम्मे द्यावे, आणि मधल्या वेळी पालेभाजीची देठे, कोबीची पाने, काकडीच्या साली टांगून ठेवाव्यात, म्हणजे तिला चोच मारण्यासाठी मान वर करावी लागेल व चार पावले चालावे लागेल. ताणकाट्याला पिशवी अडकवून दर आठवड्याला तिचे वजन करावे आणि त्यानुसार खाद्य कमी-जास्त करावे. तिला बॉयलरचे फिनिशर खाद्य, म्हणजे विकण्याआधी वजन चढवण्यासाठीचे खाद्य, देऊ नये. वाढत्या कोंबड्यांसाठी मिळणारे ग्रोअर खाद्य द्यावे. ती ओरडेल, भांड्यामागे धावेल, आणि घरातले वडीलधारे ‘उपाशी का मारतोस तिला?’ असे विचारतील. त्या वेळी आपला हात आवरणे हीच तिच्यावरची माया असते. इतके करूनही काही बॉयलर कोंबड्या वर्षाच्या आत जातात, कारण त्यांचे शरीर लांब आयुष्यासाठी घडवलेलेच नसते.

अंड्यांच्या कोंबडीचे दुखणे उलट दिशेचे असते. तिने स्वतःच्या हाडांतला चुना अंड्यांच्या कवचात ओतलेला असतो, त्यामुळे तिची हाडे ठिसूळ असतात आणि उंचावरून उडी मारली तरी मोडू शकतात. तिला लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे खाद्य, भरपूर द्यावे, ज्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, आणि शेजारच्या वाटीत शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा. लागेल तेवढा ती स्वतः उचलते. हेच लेअर खाद्य कोवळ्या बॉयलरला किंवा पिल्लाला देऊ नये, कारण अंडी न घालणाऱ्या शरीरात एवढे कॅल्शियम मूत्रपिंडांना इजा करते.

गावरान कोंबडीला ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, मक्याचा भरडा आणि उकरायला मोकळी जागा मिळाली की तिचे बरेचसे भागते. वाळवी, गांडुळे, टोळ, कोवळे गवत यांतून ती प्रथिने आणि जीवनसत्त्वे स्वतः मिळवते. बंदिस्त जागेत ठेवायची असेल तर मात्र नुसत्या धान्यावर ठेवू नये. कोंबडीला दात नसतात. चिकनच्या दुकानात ज्याला पेठा म्हणतात त्या स्नायूच्या पोटात ती खडे घालून धान्य दळते, म्हणून बंदिस्त कोंबडीला जाड वाळू किंवा बारीक खडी उपलब्ध असावी.

प्रौढ कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुपटीइतके पाणी पिते. उन्हाळ्यात पाणी आणखी दुप्पट लागते. खाद्याचे पोते ५० किलोचे असते आणि एका कोंबडीला ते सव्वा वर्ष पुरेल, तोवर ते किडून जाईल. म्हणून खाद्यविक्रेत्याकडून पाच किलो सुटे आणावे. बुरशी धरलेला मका किंवा खवट शेंगदाणे कोंबडीला टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. त्या बुरशीचे विष यकृत नासवते. खारट फरसाण, लोणचे, कच्चा राजमा, चहाचा चोथा, चॉकलेट हेही देऊ नये. सापडलेल्या कोंबडीने अंडी दिली तरी तिला आधी कोणती औषधे दिली होती हे कळायला मार्ग नसल्याने पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खाऊ नयेत, आणि आपण औषध दिले असेल तर पशुवैद्य सांगेल तेवढे दिवस थांबावे.

खुराडे

एका कोंबडीला झोपण्यासाठी खुराड्यात निदान ३ ते ४ चौरस फूट आणि दिवसा फिरायला त्याच्या दुपटी-तिपटीने जागा असावी. तळाशी भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा चार बोटे जाड पसरावा आणि दर दोन-तीन दिवसांनी खालवर करावा. डोळ्यांना झोंबणारा वास आला की भुसा बदलायची वेळ टळून गेली आहे असे समजावे. वारा वरच्या बाजूने खेळता हवा. कोंबडीच्या उंचीवर थेट झोत नको. गावरान कोंबडीला बसायला उंचावर आडवा दांडा लागतो, अंड्यांच्या कोंबडीला तो फूटभर उंचीवर पुरतो आणि बॉयलरला दांडा देऊच नये, तिला जमिनीवर जाड भुशाची गादी करावी. दांडा काठीसारखा बारीक नसावा. दोन बोटे रुंद, कडा घासून गोल केलेला असावा.

जाळीबाबत कंजुषी करू नये. षट्कोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि ती फूटभर जमिनीत पुरावी, कारण घूस आणि मुंगूस खालून येतात. कोकणात मुंगूस भर दुपारीही येते. शहरात मांजर आणि घार यांच्यासाठी वरूनही जाळी लागते. दिवे लागले की दार लावणे हे काम घरात एकाच माणसाकडे नेमून द्यावे. ‘मला वाटलं तू लावलंस’ या एका वाक्याने पुष्कळ कोंबड्या गेल्या आहेत. चपळ गावरान कोंबडी कुंपण ओलांडत असेल तर एकाच पंखाची बाहेरची लांब पिसे कात्रीने कापावीत, म्हणजे तोल जाऊन तिला उंच उडता येत नाही. ती पिसे वाढ पूर्ण झालेली असतील तर तिला दुखत नाही आणि पुढच्या पिसझडीत नवी येतात.

सापडलेला पक्षी कोंबडा निघाला तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही ही म्हण शब्दशःही खरी आहे: आरवण्याची वेळ त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालते आणि अंधारात कोंडले तरी तो आरवतोच. दाटीच्या वस्तीत त्याला ठेवणे कठीण असेल, तर शेतावर राहणाऱ्या आणि त्याला कापणार नाही असा शब्द देणाऱ्या माणसाकडे द्यावे.

सोबत

कोंबडी एकटी राहणारा पक्षी नाही. तीन आठवड्यांचा वेगळा काळ संपल्यावर तिला आपल्या कोंबड्यांत एकदम सोडू नये. आधी आठवडाभर मध्ये जाळी ठेवून त्यांना एकमेकींना दिसू द्यावे, मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर तिला इतरांजवळ दांड्यावर किंवा भुशावर ठेवावे. सकाळी टोचाटोची होईलच, कारण कळपातली जागा तशीच ठरते; फक्त दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठेवावीत, म्हणजे दबलेली कोंबडी उपाशी राहणार नाही. रक्त दिसले तर मात्र जखमी कोंबडीला लगेच बाजूला काढावे, कारण लाल रंग पाहून बाकीच्या पुन्हा पुन्हा तिथेच टोचतात. छाटलेल्या चोचीच्या कोंबडीला आणि बॉयलरला तेज गावरान कोंबड्यांत कायम टिकता येत नाही; त्यांच्यासाठी तशीच शांत जोडीदारीण शोधावी लागते. माझ्याकडची दुसरी बॉयलर एका म्हाताऱ्या, चोच छाटलेल्या कोंबडीसोबत राहिली. दांड्यावर चढणे दोघींनाही जमत नसे, म्हणून त्या रात्री भुशाच्या गादीवर एकमेकींना चिकटून बसत, आणि सकाळी दार उघडले की आधी म्हातारी बाहेर पडे.